शिकागोच्या कथेत राहून गेलेले नाव

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कामगार दिनाच्या आपल्या पुरवणीत शिकागोच्या हुतात्म्यांची हकिगत आली, याबद्दल आभार. मात्र ती १८८७ मधील फाशीपाशीच थांबली आणि इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांचे नाव राहून गेले, याची खंत वाटते.

जर्मनीत १८४७ साली जन्मलेले आल्टगेल्ड तान्हेपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले आणि मजुरी, शिक्षकी, वकिली, न्यायाधीशपद असे करत १८९२ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत ४ मे १८८६ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यातील चौघे तोवर फासावर गेले होते, एकाने कोठडीत जीव दिला होता आणि तिघे शिक्षा भोगत होते. या तिघांना दया दाखवून सोडावे, असे शहरातील अनेक प्रतिष्ठितही म्हणत होते. आल्टगेल्ड यांनी खटल्याची कागदपत्रे स्वतः तपासली आणि २६ जून १८९३ रोजी तिघांना मुक्त करताना सविस्तर लेखी कारणे दिली: ज्यूरी मुद्दाम निवडून भरली होती, न्यायाधीश पूर्वग्रहाने वागले आणि बॉम्ब कोणी टाकला हे सरकारपक्षाला सिद्धच करता आले नाही. माफीपेक्षा या कारणांनीच वृत्तपत्रे त्यांच्यावर तुटून पडली. १२ जानेवारी १९३१ रोजी ज्या शहराचे चार सुपुत्र फासावर गेले, त्या सोलापूरला अशा धैर्याचे मोल वेगळे सांगायला नको.

१८९३ मध्येच आल्टगेल्ड यांच्या कारकिर्दीत कारखाना तपासणीचा कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव झाला, स्त्रियांसाठी आठ तासांचा दिवस ठरला आणि चाळींतल्या खोल्यांमधून चालणारे शिवणकामही तपासणीखाली आले. घरीच विड्या वळणाऱ्या आपल्याकडील हजारो बायकांना या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व लगेच उमगेल. मुख्य निरीक्षक म्हणून त्यांनी फ्लॉरेन्स केली या बाईंना नेमले, हेही त्या काळी लहान पाऊल नव्हते. आठ तासांचे कलम मात्र १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले.

पुलमन या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीच्या कामगारांच्या संपात, १८९४ साली, राज्याने मागणी केलेली नसताना केंद्राने लष्कर धाडले, तेव्हा आल्टगेल्ड यांनी स्वपक्षाच्याच राष्ट्राध्यक्षांना निषेध कळवला. १८९६ ची निवडणूक ते हरले आणि १९०२ मध्ये वारले.

त्यांच्या माफीपत्रातील युक्तिवादाचा मराठी गोषवारा आपण रविवारच्या अंकात छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर