लष्करी जीपचं वय लिलावापासून मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी हौसेच्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी तरतूद केली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार आणि फेरनोंदणीला ५ हजार रुपये, मुदत १० वर्षं. गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. ही तरतूद हवीच होती. पण लष्करातून निघालेल्या जुन्या जीप, जोंगा (लष्करासाठी बनलेली जीपसारखी गाडी) यांच्या बाबतीत ती दोन ठिकाणी अडते, आणि दोन्ही दुरुस्त्या करण्याजोग्या आहेत.

पहिली अडचण वयाची. नियमातली पन्नास वर्षं ‘पहिल्या नोंदणीपासून’ मोजायची आहेत. लष्कराची गाडी सेवेत असताना आरटीओच्या दप्तरात नसते. तिची नोंद लष्कराकडे असते आणि लिलावात विकली गेल्यावरच तिला नागरी नंबर मिळतो. समजा १९४४ ची विलीज, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी जीप, १९७८ मध्ये लिलावात निघाली. आरसी बुकवरची तारीख धरली तर ऐंशी वर्षं ओलांडलेली ही गाडी २०२८ पर्यंत व्हिंटेज ठरत नाही. वास्तविक मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० मध्ये संरक्षणाच्या कामासाठीच्या सरकारी गाड्यांची वेगळी नोंदणी सांगितलेली आहे. लष्करी नोंद हीच पहिली नोंदणी धरावी, असं स्पष्टीकरण परिवहन खात्याने काढलं तर प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण रंगाची. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवतो. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र व्हिंटेज नियम गाडी मूळ रूपात हवी म्हणतो, आणि या जीपचं मूळ रूप हिरवंच आहे. बहुतेक हौशी मंडळी आज खाकी, राखाडी किंवा भलताच हिरवा मारून वेळ निभावतात. ‘व्हीए’ नंबर मिळालेल्या लष्करी गाड्यांना तेवढ्यापुरती सूट द्यावी. लष्कराच्या बाणाच्या नंबरप्लेटला मात्र कुणी हात लावू नये, त्यात कसलीही सवलत मागण्याचं कारण नाही.

मूळ रूप ठरवायचं कशावरून, हा तपासणीतला खरा कळीचा मुद्दा. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, असं नियम सांगतो. युद्धकाळातल्या दोन जीप, विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू, दिसायला जुळ्या. बंपर आणि रेडिएटरच्या मधून वाकून चासीचा पुढचा आडवा दांडा बघावा. गोल नळी असेल तर चासी विलीजची, उलट्या ‘यू’ आकाराची असेल तर फोर्डची. विलीजचा नंबर डाव्या फ्रेमच्या, म्हणजे चासीच्या डाव्या लांब दांड्याच्या, आतल्या अंगाला, बंपरच्या मागे, रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्डचा डाव्या फ्रेमच्या वरच्या पाठीवर थेट ठोकलेला असतो. फोर्डने बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ उमटवलेला सापडतो. दोन्ही जीप डाव्या स्टिअरिंगच्या. साच्यात दाबून घडवलेल्या पत्र्याच्या पुढच्या जाळीला नऊ खाचा. सात खाचांची जाळी नंतरच्या नागरी जीपची. महिंद्राने पुढे केलेली उंच बॉनेटची सीजे-३बी ही तर सरळ वेगळीच गाडी. तिचं बॉनेट उंच आहे कारण आतल्या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले.

नंबर वाचताना घाई नडते. ऐंशी वर्षांच्या रंगाखालचे आकडे ग्राइंडरने किंवा तारेच्या ब्रशने घासले की कायमचे जातात. पेंट रिमूव्हर लावावा, पंधरा-वीस मिनिटं थांबावं, फुगलेला थर नायलॉनच्या ब्रशने उचलावा, केरोसीनने पुसून कोरडं करावं आणि वर खडू आडवा फिरवावा. खळग्यात खडू बसला की आकडे पांढरे उठतात. तिरप्या उजेडात, शेजारी पट्टी धरून फोटो घ्यावा. ग्लोव्ह बॉक्सच्या दारावरच्या पट्टीवर सीरियल नंबर आणि डिलिव्हरीची तारीख असते, पण तशा नव्या पट्ट्या बाजारात सर्रास मिळतात. चासीशी जुळल्याशिवाय तिला पुरावा मानू नये.

अधिकाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. विलीज आणि फोर्डचे सुटे भाग एकमेकांना बसावेत अशाच रीतीने या गाड्या बनवल्या होत्या, आणि लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिनं अदलाबदल होत राहिली. फोर्डच्या चासीवर विलीजचं इंजिन दिसलं म्हणून तो नियमात सांगितलेला फेरफार ठरत नाही. पेट्रोल परवडेना म्हणून पुढे डिझेल इंजिन बसवलेल्या जीप आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यांची गोष्ट निराळी. तिथे माउंटिंगसाठी फ्रेम कापलेली, वेल्डिंग केलेली असते. अशी गाडी व्हिंटेज नोंदणीला न्यायची तर २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं मूळ साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन शोधण्यावाचून गत्यंतर नाही. ते विकत घेताना हेड उघडून व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडर यांच्यामधली भिंत डाय पेनेट्रंटने (बारीक तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तपासावी. तडा हमखास तिथेच जातो. तडा निघाला तर रीबोरचा (सिलिंडर नव्याने कातण्याचा) खर्च पाण्यात.

आता जीर्णोद्धाराबद्दल, कारण रंग मारला म्हणजे गाडी तयार झाली हा समज फार पसरलाय. बॉडी उचलल्याशिवाय काहीच कळत नाही. फ्लोअरच्या खाली टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या पोटात लाकूड भरलेलं असतं. ते पाणी पितं, कुजतं आणि पत्रा आतून खातं. वरून ठोकून बघितलं तर फ्लोअर ठणठणीत वाटतं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली एका खळग्यात बसते. खळग्याचं निचऱ्याचं भोक चिखलाने बुजलं की टाकीचा तळ आणि फ्लोअर एकदमच जातात. फ्रेमला सँडब्लास्टिंग चालतं. बॉनेट आणि बाजूच्या पत्र्यांना तोच दाब दिला तर पत्रा लाटा धरतो, तिथे रिमूव्हरच बरा. ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. नुसतं रेड ऑक्साइड मारून गाडी पावसाळ्यात उभी ठेवली की गंज त्याच्या खालून चालतो.

ब्रेकमध्ये काटकसर करूच नये. संपूर्ण गाडीला एकच हायड्रॉलिक सर्किट, चारही चाकांना ९ इंची ड्रम. कुठेही एक नळी फुटली तर चारही ब्रेक गेले. उरतो तो ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीमागच्या) शाफ्टवरचा हँडब्रेक. म्हणून लोखंडी नळ्या, रबरी होज, सगळी सील किट नवी घ्यावीत. जुन्यातलं बरं ते ठेवण्याचा मोह टाळावा. जुना होज बाहेरून चांगला दिसतो, आतून फुगलेला असतो. पाय मारताना ऑइल जातं, सोडल्यावर परत येत नाही आणि चाक धरून राहतं. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला लागून असतो. झाकण सैल असेल तर चिखलपाणी थेट आत. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल हवीच. ती नसली तर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र उघडत नाही, तापलेलं ऑइल कोंडतं आणि चार-पाच किलोमीटरमध्ये ब्रेक आपोआप आवळतात. लोक त्यासाठी लायनर घासत बसतात. दोष पेडलच्या रॉडमध्ये असतो.

वीज ६ व्होल्टची, निगेटिव्ह अर्थ. स्टार्टर रडतो म्हणून १२ व्होल्ट करायची घाई होते. तितक्याच ताकदीला ६ व्होल्टवर दुप्पट अँपिअर लागतात: ६० वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टवर ५, इथे १०. आजच्या गाड्यांची बारीक बॅटरी केबल लावली तर ती गरम होते आणि स्टार्टरला व्होल्टेज पोचत नाही. ७० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घालावी. बॅटरी, इंजिन, फ्रेम आणि बॉडी यांच्यातले अर्थचे सांधे उघडा धातू दिसेपर्यंत घासावेत. नव्या रंगकामानंतर दिवे मंद होतात ते याचमुळे, रंग वीज अडवतो. डायनामो उघडून बसवला असेल तर इंजिन चालू करण्याआधी रेग्युलेटरचे बॅटरी आणि आर्मेचर टर्मिनल वायरने क्षणभर जोडून त्याची ध्रुवता ठरवून घ्यावी, नाहीतर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. मेकॅनिकल फ्यूएल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग जातात. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी जागेवर बंद करावी. डायफ्रॅम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या मागून घ्याव्यात, आणि जीप महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवावा. बाकी ट्यूनिंग सोपं: प्लगची गॅप ०.०३० इंच, डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची ०.०२०, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. टायर ६.००-१६ चेच लावावेत. रुबाबासाठी रुंद टायर चढवले की किंगपिनची (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिची) बेअरिंग आणि स्टिअरिंगची बेलक्रँक (जोडदांड्यांमधला वळता तुकडा) लवकर सुटतात, मग वेगात पुढची चाकं थरथरू लागतात.

रंग शेवटी. पण जुना रंग काढण्याआधी बॉनेटच्या बाजूला एका कोपऱ्यात ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी मारत, हळूहळू घासून बघावं. थराखाली थर उघडत जातात, कधी जुना युनिट नंबरही वर येतो. त्याचे फोटो आणि मापं नोंदणीच्या अर्जाला जोडता येतील.

व्हिंटेज गाड्या तपासण्यासाठी राज्याने समिती नेमायची, असं याच नियमांत आहे. अहिल्यानगरला लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे, चिलखती दलाचं केंद्र आणि रणगाड्यांचं संग्रहालय आहे. लष्करी गाडीचा अर्ज आला की तिथला एखादा जाणकार समितीने बोलवावा, आणि तपासणीच्या अर्जात चासी नंबरची जागा, आडव्या दांड्याचा आकार, इंजिनाचा प्रकार व लष्करी नोंदीचा पुरावा असे चार रकाने घालावेत. लिलावाची मूळ पावती आणि लष्कराने गाडी सोडल्याचा कागद ज्यांच्या कपाटात अजून पडून आहे, त्यांनी त्याच्या प्रती आताच काढून ठेवाव्यात. शाई उडत चाललेली असते.

आपला,
जुन्या लष्करी गाड्यांच्या दुरुस्तीचा एक अभ्यासक, पुणे