पीएचडीच्या मुलाखतीत हाताचं काम कधी बघणार?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पीएचडीच्या जाहिराती परत सुरू झाल्यात आणि प्रत्येकीत तेच, एमएस्सीला 55 टक्के, राखीव प्रवर्गाला 5 टक्के सूट, नेट (देशपातळीवरची परीक्षा) किंवा पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) पास, कागदपत्रं घेऊन या. पोरगं लॅबमध्ये नीट काम करतं का, हे कुठेच विचारलेलं नसतं. मी सोलापुरात एका कॉलेजच्या लॅबमध्ये 28 वर्षं असिस्टंट होतो म्हणून हे मनाला लागतं.

माझी पुतणी सांगोल्याकडची, घरची डाळिंबाची बाग. तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा बॅक्टेरियाचा रोग, ती शाळेत असल्यापासून ओळखते, पान उन्हाकडे धरलं की डाग तेलकट आणि आरपार दिसतो, फळावर तोच काळा पडून तडकतो. एमएस्सीला असताना ती रोगट पानाची कड ब्लेडने कापून स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवायची, मायक्रोस्कोपखाली त्या कडेतून धुरासारखे बॅक्टेरिया बाहेर पडताना मला पण दाखवलेत तिने. आणि तिची वही बघाच एकदा, सगळं पेनाने, चुकलं तर एकच आडवी रेघ आणि बाजूला तारीख, व्हाइटनर नाही, पाऊस कधी झाला, बोर्डोची (रोगावरच्या औषधाची) फवारणी कधी मारली सगळं त्यात.

एका ठिकाणी (नाव घेत नाही) मुलाखत झाली. टक्के किती, मध्ये एक वर्ष गॅप का, आणि एक व्याख्या, झालं. गॅप म्हणजे माझा भाऊ आजारी होता, त्या वर्षी बाग हिनेच बघितली, पण तेवढं सांगेपर्यंत पुढच्याला हाक मारली. घरी येऊन म्हणाली, "काका, वही पिशवीतनं काढलीच नाही."

आता 2024 पासून नेटच्या मार्कांवर प्रवेश देताना 70 टक्के वजन नेटला आणि 30 टक्के मुलाखतीला असतं. नेट म्हणजे चार पर्यायांतला एक निवडायचा, त्यात हात कसा चालतो ते कळणार कसं? म्हणजे राहिले ते 30 टक्केच, ते तरी कामाला लावा ना. अर्धा तास लॅबमध्ये उभं करा, एखादा बिघडलेला रिझल्ट समोर ठेवा आणि पुढे काय करशील विचारा. माझ्यासमोर एका हुशार पोराने मागच्या वर्षीची रीडिंग उतरवून दिली होती, आणि एक साधारण मार्कांची पोरगी "प्लेटवर बुरशी आली, परत केलं" असं तीनदा लिहून चौथ्यांदा बरोबर आली. पीएचडीला किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 6, एवढा काळ कोण टिकणार ते तिथेच दिसतं.

आणि भाषा! अक्कलकोटकडे गावात सर्व्हे करायचा तर कन्नड लागते, इकडे सोलापूर शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू, ती येणारी पोरं आपल्याकडे किती आहेत, पण फॉर्मवर त्याला रकानाच नाही. गाइड लोकांनी जाहिरातीत दोन ओळी जास्त लिहाव्यात, काम काय आहे, शेतावर किती दिवस जावं लागेल, कोणतं मशीन चालवता यायला हवं. ज्याला जमणार नाही तो आपणच अर्ज करणार नाही.

नेटमध्ये जे फक्त पीएचडी प्रवेशासाठी पास होतात त्यांचे मार्क एकच वर्ष चालतात, त्यामुळे पुतणीला थांबून चालणार नाही. पुढच्या महिन्यात दुसरीकडे मुलाखत आहे. वही ती परत घेऊन जाणार आहे, समोरच्यांनी ती उघडून बघावी एवढी हात जोडून विनंती.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट, सोलापूर