मंत्री महोदय, भट्टीचा चार्ट मागवून बघा

माननीय नागरी विमान वाहतूक मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी बोल्ट तपासणारा माणूस. विमानाला लागणारे बोल्ट, नट, पिना बनवणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात, माझी बहुतेक नोकरी झाली. आता निवृत्त आहे, त्यामुळे हे पत्र लिहिल्याने माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही.

आपल्या खात्याची सुरक्षेवरची निवेदनं मी नेमाने वाचतो. त्यांत वैमानिकांचे कामाचे तास असतात, धावपट्टी असते, पक्षी असतात, धुकं असतं. बोल्ट मात्र मला एकदाही सापडला नाही. बोइंग 747 मध्ये सुमारे साठ लाख भाग असतात आणि त्यातले निम्मे जोडणीचे, असं बनवणारेच सांगतात. एवढ्या मोठ्या संख्येकडे कुणाचं लक्ष जात नाही याचं कारण मला ठाऊक आहे. चांगला बोल्ट आणि वाईट बोल्ट शेजारी ठेवले तर माझ्यासारख्यालाही नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही.

आमच्याकडच्या एका लॉटची, म्हणजे एकत्र बनलेल्या बोल्टांच्या खेपेची, गोष्ट सांगतो. जास्त ताकदीच्या पोलादी बोल्टला गंज चढू नये म्हणून कॅडमियम या धातूचा मुलामा (प्लेटिंग) देतात. मुलामा चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्याने पोलाद ठिसूळ होतं. तो बाहेर काढायला बोल्ट लगेच भट्टीत घालावे लागतात. आम्ही ज्या मानकाने काम करायचो त्यात प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत भट्टीत आणि तिथे साधारण 190 अंश सेल्सिअसवर 23 तास, असा नियम होता. त्या लॉटचं प्लेटिंग बाहेर करून आलं होतं. कागद चोख होते, सही-शिक्का होता. भट्टीचा गोल चार्ट, म्हणजे ज्यावर पेन तापमानाची रेघ काढतं तो कागद, मात्र सोबत नव्हता. मी मागितला, दोन दिवसांनी आला. प्लेटिंगची वेळ आणि चार्टवर पेनाची रेघ वर चढायला लागली ती वेळ, यांत नऊ तासांचं अंतर होतं.

गेज लावला, बोल्ट पास. हार्डनेस बघितला, पास. मशीनवर ओढून तोडला, तोही ठरलेल्या ताकदीच्या वरच तुटला. ओढून तोडायला मिनिटभर लागतं आणि हायड्रोजनला आपलं काम करायला वेळ हवा असतो, एवढाच त्याचा अर्थ. डिस्पॅचवाले माझ्या टेबलाशी उभे होते. ‘साहेब, सगळं पास आहे, मग अडवता कशाला?’ मी काही बोल्ट फिक्स्चरमध्ये, म्हणजे पकडीत, कसून, ताण देऊन, तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी आलो तर खालच्या ट्रेमध्ये एका बोल्टचं डोकं पडलेलं. रात्रीत कुणी हात लावला नव्हता. तुटलेला भाग भिंगाखाली धरला तर खडीसाखरेसारखा दाणेदार, चमकणारा. लॉट भंगारात गेला. माझी बढतीही त्याच वर्षी लांबली, पण ते असो.

मी चार्ट मागितला नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. नियमाप्रमाणे आलेलं प्रमाणपत्र मी नियमाप्रमाणे फाइलला लावलं असतं आणि कुणीही मला दोष दिला नसता.

कागद खरा आणि माल खोटा, किंवा कागदही खोटा, हे आमच्या धंद्यात नवं नाही. 8 सप्टेंबर 1989 रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं पार्टनएअरचं कॉनवेअर 580 डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. विमानातले सगळे 55 जण गेले. शेपटीचा उभा पंखा धरून ठेवणाऱ्या जोडणीत नकली, कमी ताकदीचे भाग निघाले. शेपटीतल्या दुसऱ्या एका यंत्राच्या बिघडलेल्या आधारामुळे कंपनं वाढली होती हेही खरं, पण ती कंपनं सोसायची ताकद त्या बोल्टांत नव्हती. 2023 मध्ये तर एका पुरवठादाराने खोट्या प्रमाणपत्रांवर सीएफएम56 या जेट इंजिनाचे भाग विकल्याचं उघड झालं. ते कसं कळलं? देखभाल करणाऱ्यांना एका कागदाची शंका आली आणि त्यांनी मूळ उत्पादकाला विचारलं, ‘हा तुमचाच का?’ तो त्यांचा नव्हता. तोवर असे भाग कितीतरी देशांच्या विमानांत बसले होते.

बोल्ट उत्तम असून चुकीच्या ठिकाणी बसला, तरी तीच गत. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची कॉकपिटची काच हवेत उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला पायांशी धरून ठेवलं, विमान साउथहॅम्प्टनला उतरलं, माणूस वाचला. ती काच 27 तास आधीच बदललेली होती. 90 पैकी 84 बोल्ट व्यासाने 0.66 मिलिमीटर बारीक होते, उरलेले सहा आखूड. बसवणाऱ्याने जुना बोल्ट हातात धरून, अंधुक उजेडात, खणातल्या बोल्टांशी डोळ्यांनी जुळवला होता. यात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. ते काम दुसऱ्या माणसाने तपासायच्या कामांच्या यादीतच नव्हतं. आणि 5 जानेवारी 2024 ला अलास्का एअरलाइन्सच्या 737 मॅक्सच्या बाजूचा दरवाजासारखा पॅनेल उडून गेला, तिथे चार बोल्ट बसवलेच नव्हते. कारखान्यात शेजारचे खराब रिव्हेट दुरुस्त करायला तो पॅनेल उघडला होता, पण उघडल्याची नोंदच केली नव्हती. नोंद नाही, म्हणजे पुन्हा बंद करून तपासायचंही कुणाच्या यादीत नाही.

आता मागणं. आपल्या नियामकाचे तपासनीस कारखान्यात येतात तेव्हा आम्हाला आठवडाभर आधी कळतं. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवले जातात, कॅलिब्रेशनची स्टिकरं बदलली जातात, आणि साहेब कॉन्फरन्स रूममध्ये बसून फाइल बघतात. कारखान्याला आधी न कळवता त्यांना पाठवा. त्यांनी तयार मालाच्या पेटीतून स्वतःच्या हाताने एक बोल्ट उचलावा, त्याचा लॉट नंबर घ्यावा आणि तिथून उलटं चालत जावं, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, पोलादाच्या सळईपर्यंत. प्लेटिंग बाहेरच्या छोट्या युनिटमध्ये होत असेल तर तिथे जावं आणि भट्टीचा चार्ट मागावा. चार्ट दोन दिवसांनी येतो की दोन मिनिटांत, यावरून निम्मं कळतं. मोठा कारखाना स्वच्छ असतोच हो, घोळ बहुतेकदा दोन गल्ल्या पलीकडे असतो.

दुसरं, चाचणीसाठी नमुने उत्पादकाकडून मागवू नका. नमुने नेहमीच चांगले येतात. देखभाल केंद्रांच्या स्टोअरमधून, वापरायला ठेवलेल्या खणातून बोल्ट घ्या आणि स्वतंत्र प्रयोगशाळेत तोडा, ताण देऊन ठेवण्याच्या चाचणीसकट. आणि उड्डाणाला धोका होऊ शकतो असा कोणताही पॅनेल उघडला की त्याची नोंद आणि दुसऱ्या माणसाची सही सक्तीची करा, मग तो कुणाच्या यादीत असो वा नसो.

शेवटचं मागणं माझ्या जातभाईंसाठी आहे, म्हणजे निरीक्षकांसाठी. लॉट अडवणाऱ्या माणसाचा पगार आणि बढती डिस्पॅचचं टार्गेट ज्याच्या डोक्यावर असतं त्याच साहेबाच्या हातात असते. अशा माणसाला नियामकाकडे थेट, नाव गुप्त ठेवून कळवता आलं पाहिजे. त्याने कळवल्यापासून चौकशी पुरी होईपर्यंत तो लॉट कारखान्याबाहेर पडता कामा नये, आणि त्या काळात त्याची बदली करायला कंपनीला आपली परवानगी लागावी.

त्या बोल्टचं तुटलेलं डोकं माझ्या टेबलाच्या खणात आहे. आपल्या तपासनीसांना प्रशिक्षणात दाखवायला हवं असेल तर कळवा, मी घेऊन येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक