समुद्रालगतचे जुने घर की मागची नवी खोली?

चि. निखिल यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गोव्यातल्या टाइमशेअरची, म्हणजे रिसॉर्टमधली जागा दरवर्षी एक आठवडा वापरण्याच्या हक्काची, तू पाठवलेली दोन्ही दरपत्रके, करारांचे मसुदे आणि छायाचित्रे मी सावकाश पाहिली. तुम्हा दोघांचा कल नव्या इमारतीतल्या स्टुडिओकडे आहे, कारण तिथल्या फरशा चकचकीत आहेत, न्हाणीघर एखाद्या मोठ्या हॉटेलासारखे आहे आणि करार पूर्ण पंचवीस वर्षांचा आहे. समुद्रालगतच्या जुन्या इमारतीतले एका शयनगृहाचे घर मात्र कळकट दिसते, शिवाय मूळ सभासदाच्या करारातली नऊच वर्षे उरली आहेत, असे मधुराने लिहिले आहे. मला जुने घर अधिक पसंत आहे, आणि ते का, हे थोडे सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला माझे म्हणणे खोडून काढायचे असेल तर तेही सोपे जाईल.

गोव्यातल्या सासष्टी तालुक्याच्या किनाऱ्यावर जुनी इमारत पुढे आणि नवी मागे, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि त्यामागे कायदा आहे. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. त्यानंतर ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद झाले, आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात हॉटेलांना परवानगी मिळाली ती अटींवर, म्हणजे उंची ९ मीटरच्या आत आणि मजले दोनच. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी २०१९ मध्ये ही मर्यादा ५० मीटरवरही आणली गेली. तरी तुम्ही पाहिलेली जुनी इमारत १९८८ ची आहे आणि ती वाळूच्या टेकाडाला जवळजवळ टेकूनच उभी आहे. तशी जागा आज कितीही पैसे मोजले तरी नव्या बांधकामाला सहजी मिळत नाही. तिथल्या अधिकृत इमारतीची दुरुस्ती करता येते, पण चटईक्षेत्र वाढवता येत नाही. म्हणून ती इमारत टिकवण्यात रिसॉर्टचालकाचा स्वतःचाच स्वार्थ आहे, आणि अशा व्यवहारात मी चालकाच्या आश्वासनापेक्षा त्याच्या स्वार्थावर अधिक भरवसा ठेवते. अट एकच, की ती इमारत खरोखर अधिकृत असली पाहिजे. पंचायतीचा बांधकाम परवाना आणि भोगवटा दाखला, दोन्हींच्या प्रती मागून घे.

आता जुन्या बांधकामाविषयी. माझी बरीचशी नोकरी बांधकाम खात्यात, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गेली, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने इमारतीचे काय होते हे मी पुस्तकापेक्षा सज्जांच्या पोटाकडे पाहून अधिक शिकले. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई अल्कलीच्या आवरणात सुरक्षित असते. समुद्रावरून येणारे क्षार हळूहळू आत झिरपले की ते आवरण फुटते, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापत असल्याने बाहेरचे काँक्रीट फुगून पोपड्यासारखे सुटते. क्षार सळईपर्यंत पोचायला किती वर्षे लागतील, हे सळईवर काँक्रीटचा थर किती जाड आहे आणि ते किती घट्ट आहे यावर ठरते. आपल्याकडे काँक्रीटच्या कामाचे मानक आयएस ४५६ हे आहे. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीत सळईच्या कामालाही एम १५ प्रतीचे काँक्रीट चालत असे (एमपुढचा आकडा जितका मोठा, तितके काँक्रीट मजबूत), आणि सर्वसाधारण स्लॅबला १५ मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे सळईवरचा थर, पुरे मानले जाई. २००० च्या आवृत्तीने किनाऱ्यावरच्या उघड्या कामासाठी किमान एम ३० आणि ४५ मिलिमीटर कव्हर सांगितले. म्हणजे जुन्या इमारतीचे काँक्रीट खाऱ्या हवेत टिकेल का, ही तुझ्या बाबांची शंका कागदावर अगदी रास्त आहे.

परंतु तू पाठवलेल्या छायाचित्रांत जुन्या इमारतीच्या भिंती चिऱ्याच्या भारवाहक भिंती दिसतात आणि वर मंगलोरी कौलांचे छप्पर आहे. चिऱ्याला गंजायला आत लोखंडच नसते. अशा इमारतीत काळजी करायची ती मधल्या स्लॅबची, न्हाणीघराखालच्या भागाची आणि सज्जांची. त्यातही सज्जांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण भिंतीतून बाहेर काढलेल्या सज्जात मुख्य सळई वरच्या बाजूला असते, आणि लोक मात्र खालून पाहून, रंग चांगला आहे असे म्हणत निघून जातात. वर पाणी साचते का, फरशीच्या सांध्यांतून ओल जाते का, खाली सरळ रेषेत तांबूस भेग गेली आहे का, हे पाहा. तसेच गेल्या पाचएक वर्षांतला स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल लेखी माग. त्यात कव्हर मोजल्याची, क्षारांचे प्रमाण तपासल्याची आणि सळईच्या गंजाची विद्युत चाचणी केल्याची नोंद असावी. नुसती हातोड्याची चाचणी करून ‘इमारत सुस्थितीत’ असा शेरा मारलेला असेल, तर तो अहवाल मला पाठव. मी त्यातून काय ते समजून घेईन. अहवालच नाही असे उत्तर आले, तर मात्र माझी पसंती मी मागे घेते.

आणि नवी इमारत नवी म्हणून क्षारांतून सुटली, असे मुळीच नाही. ती २०१४ ची असून तिच्या सज्जांच्या स्टेनलेस कठड्यांवर आताच तपकिरी ठिपके आले आहेत; छायाचित्र मोठे करून पाहिलेस तर दिसतील. समुद्राजवळ ३१६ प्रतीचे स्टेनलेस वापरावे लागते, आणि ते महाग म्हणून सर्रास ३०४ वापरतात. डोळ्यांसमोरच्या कठड्यावर ज्याने बचत केली, त्याने झाकलेल्या कामात काय केले असेल, हा प्रश्न मी नोकरीत असताना प्रत्येक कंत्राटदाराबाबत स्वतःला विचारत असे, आणि आता तो तुम्ही विचारावा.

पैशांचा हिशोब मी वेगळ्या कागदावर मांडला आहे, त्याचा गोषवारा इथे देते. नव्या स्टुडिओसाठी ६,८०,००० रुपये एकरकमी आणि वार्षिक देखभाल शुल्क २२,००० रुपये मागितले आहेत. ही रक्कम सात टक्क्यांच्या ठेवीत राहिली असती, तर वर्षाला ४७,६०० रुपये व्याज आले असते. ते व्याज आणि शुल्क मिळून ६९,६०० रुपये होतात, म्हणजे सात रात्रींसाठी दर रात्री सुमारे ९,९०० रुपये, आणि यात मुद्दल संपून जाते त्याचा हिशोब अजून धरलेलाच नाही. जुन्या घराचा सभासद ९०,००० रुपयांत हक्क सोडायला तयार आहे, शुल्क मात्र २६,००० रुपये आहे. मुद्दल नऊ वर्षांत विभागून १०,०००, व्याजाचे ६,३०० आणि शुल्क धरून ४२,३०० रुपये, म्हणजे मुद्दलासकट रात्रीला सहा हजारांच्या आसपास. तेही स्टुडिओपेक्षा मोठ्या घराचे. पहिला खरेदीदार विक्री-कमिशन आणि जाहिरातीचा सगळा खर्च भरतो, दुसऱ्याला तो भरावा लागत नाही, एवढेच या तफावतीचे कारण आहे.

करारातले ‘उरलेली नऊच वर्षे’ हे शब्द तुम्हाला उणे वाटतात, मला ते त्या घराचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते. टाइमशेअरमध्ये तुला मिळतो तो वापराचा हक्क. आपल्या सातबाऱ्याप्रमाणे गोव्यात जो फॉर्म एक व चौदा असतो, त्यावर तुझे नाव कधीच चढणार नाही, आणि पंचवीस वर्षांनी हातात विकण्याजोगे काहीही उरणार नाही. उरते ते दरवर्षीचे शुल्क, तुम्ही जा अथवा न जा. ते आठ टक्क्यांनी वाढत गेले, तर नऊ वर्षांत दुप्पट होते, आणि आजचे २२,००० पंचविसाव्या वर्षी सुमारे १,४०,००० होतात. ती वाढ रोखणारे एकही कलम तुझ्या मसुद्यात नाही. तू आज चाळिशीत आहेस, ईरा आठ वर्षांची आहे. नऊ वर्षांनी ती सतरा वर्षांची होईल आणि तिला आईबापांबरोबर किनाऱ्यावर यायचे असेल की नाही, कोण जाणे. जितकी वर्षे तुम्ही तिघे मिळून जाणार, साधारण तितक्याच वर्षांचा करार मिळत असताना निवृत्तीनंतरच्या शुल्काची हमी आज कशासाठी द्यायची?

जुन्या घरातला खरा दोष मला भिंतींत नव्हे, तर आठवड्यात दिसतो. तो हक्क ठरलेल्या पंचेचाळिसाव्या आठवड्याचा आहे, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याचा. हवा त्या वेळी उत्तम असते, पाऊस गेलेला असतो आणि नाताळची गर्दी सुरू झालेली नसते. परंतु इंग्रजी महिन्याने बांधलेला आठवडा आणि तिथीने येणारी दिवाळी यांची गाठ दरवर्षी पडत नाही. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, ते त्या आठवड्यात बसते. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला येईल आणि २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला. ईराच्या शाळेची सुट्टी दिवाळीबरोबर सरकणार, आठवडा मात्र जागचा हलणार नाही. या बाबतीत नव्या इमारतीची तरंगती पद्धत, म्हणजे आठवडा दरवर्षी आपण मागून घ्यायचा, ही कागदावर सरस आहे. प्रत्यक्षात दिवाळी आणि मे महिन्यासाठी सगळेच सभासद एकाच वेळी मागणी करतात, त्यामुळे आरक्षण किती महिने आधी उघडते आणि गेल्या वर्षी सुट्टीच्या काळात किती सभासदांना नकार गेला, हे विचारून पाहा. उत्तर मिळेल अशी मला फारशी आशा नाही. जुन्या घराबाबत मात्र एक गोष्ट लेखी घ्यावी. ठरलेला आठवडा रिसॉर्टकडे जमा करून त्याच वर्षी तिथेच मे महिन्यातला किंवा दिवाळीच्या सुट्टीतला आठवडा मागता येतो का, आणि ही सोय दुसऱ्या खरेदीदारालाही लागू आहे का? पुष्कळ योजनांत हक्क हस्तांतरित होतो, पण अदलाबदलीच्या सवलती पहिल्या सभासदाबरोबरच संपतात.

स्वयंपाकघराचा मुद्दा मधुरासाठी. स्टुडिओत मायक्रोवेव्ह, किटली आणि छोटा फ्रिज एवढेच आहे. जुन्या घरात दोन शेगड्या आणि ओटा आहे, म्हणजे मडगावच्या बाजारातून बांगडे किंवा सुंगटे (कोळंबी) आणून ती घरी करता येतील. रिसॉर्टच्या उपाहारगृहाचे दर तू पाठवलेल्या पत्रकात आहेतच, त्यामुळे या मुद्द्यावर अधिक लिहीत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी सोडू नका. विकणाऱ्याचे शुल्क थकलेले नाही असा रिसॉर्टचा दाखला, हस्तांतरणाचे शुल्क किती याचे पत्र आणि तुमच्या नावाने सभासदत्व नोंदल्याचे पत्र, ही तिन्ही हातात आल्यावरच रक्कम द्यावी. बयाणा म्हणून थोडी रक्कम आधी द्यावीच लागली, तर ती पावती घेऊन. मोठ्या दुरुस्तीसाठी सभासदांकडून वेगळी वर्गणी घेण्याचा अधिकार चालकाला आहे का, असल्यास तिला मर्यादा आहे का, हे कलम जुन्या इमारतीसाठी फार महत्त्वाचे आहे. तुझ्या मसुद्यात ‘व्यवस्थापन ठरवेल ती रक्कम’ असे शब्द आहेत, आणि ते तसेच राहणार असतील तर मी सही करणार नाही. टाइमशेअरसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, तेव्हा विक्री-प्रतिनिधी तोंडी जे सांगतो त्याचा उपयोग नाही. करारात लिहिलेले तेवढेच खरे. वाद झाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पुण्यातल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते, त्यासाठी गोव्यात खेटे घालावे लागत नाहीत, हे लक्षात असू दे. आजच सही केली तर सूट, असे कोणी म्हणाले, तर ती सूट त्याच्याकडेच राहू द्यावी.

सही करण्यापूर्वी दोन्ही इमारतींत एकेक रात्र भाड्याने राहून पाहावे असे मला वाटते, आणि तेही ऑगस्टमध्ये. नोव्हेंबरात प्रत्येक भिंत कोरडी असते. भर पावसात कपाटांना कुबट वास येतो का, एसीच्या मागची भिंत ओली राहते का, मागच्या इमारतीभोवती पाणी किती वेळ तुंबते, हे सगळे न विचारता समजेल, आणि त्या दिवसांत भाडेही कमी असते. मडगावला रेल्वेने जाणे सोयीचे पडेल. विमानाने जायचे झाल्यास दाबोळीला उतरा, मोपा तिथून फार लांब पडते. तुमच्या तारखा ठरल्या की कळवा, मीही येईन म्हणते. हातोडी आणि टॉर्च माझी मी आणीन, सज्जाची शिडी तेवढी तिथल्या माणसाकडून मागून ठेव.

मधुराला आणि ईराला आशीर्वाद.

तुझी,
आई