पहाटेची झोप कोण भरून देणार?

महोदय,
आमच्या रावेर भागात पाण्याच्या मोटारीला लागणारी थ्री फेज वीज रात्री आली की केळीला पाणी द्यायला उठावंच लागतं. माझा मुलगा पहाटे तीनला मोटार चालू करायला मळ्यात जातो. त्या वेळी कोणती झोप मोडते, ते सांगते. १९५३ मध्ये शिकागोच्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी झोपेत बुबुळं भराभर फिरण्याची अवस्था नोंदवली. ठसठशीत स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. मेंदूतले भावनांचे भाग त्या वेळी जोरात चालतात, हातपाय मात्र ढिले पडतात. ही अवस्था साधारण दर दीड तासाने येते, पहाटेकडे लांबत जाते. (पहाटेची स्वप्नं म्हणूनच जास्त आठवतात, शकुनामुळे नाही.) नेमकी तीच झोप आमच्या पोरांची तुटते. शेतीला दिवसा वीज द्या.

– एक केळी उत्पादक आई, ता. रावेर, जि. जळगाव