सुईखाली ठेवलेल्या पिवळ्या तुकड्याबद्दल

ताई आणि दादा,

तुम्ही दुरुस्त केलेली शिलाई मशीन घरी आली त्याच दिवशी मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र टाकून आभार मानले होते. पण तुम्ही प्रेशर फूटखाली (कापड दाबून धरणाऱ्या सुईजवळच्या पायाखाली) दाबून पाठवलेल्या त्या पिवळ्या पॉपलीनच्या तुकड्याचं देणं तेवढ्यावर फिटत नाही. म्हणून हे चारचौघांत.

सोलापुरात मे महिन्यात शिलाई मशीन बंद पडणं म्हणजे काय, हे गणवेश शिवणाऱ्या घरांना सांगायला नको. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, कापलेल्या पँटींचे गठ्ठे भिंतीला लागलेले असतात आणि नेमकी तेव्हाच चेनच्या जाड शिवणीवर सुई आदळते. कट्‌ आवाज, सुई दोन तुकडे. नवी घातली तर पाच-सहा टाके बरे पडतात, मग एक लांब उडी, पुन्हा पाच-सहा बरे. टाका सुटणं म्हणतात ते हेच.

तुमच्याकडे येण्याआधी मशीन तीन हातांखालून गेली होती. पहिल्यांनी शटल, म्हणजे वरच्या दोऱ्याचा फासा पकडून खालच्या दोऱ्याशी गुंतवणारा भाग, बदललं. दुसऱ्यांनी बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याचं रीळ बसतं त्या डबीचा) स्क्रू इतका आवळला की खालचा दोरा ओढला तर तुटेल, सुटणार नाही. तिसरं दुकान काचेच्या दाराचं, थंडगार. त्यांनी मशीन न उघडताच सांगितलं, 'जुनं मॉडेल आहे, पार्ट येत नाहीत, एक्स्चेंजमध्ये द्या.' ही काळी घरगुती मशीन सिंगर कंपनीच्या '१५ क्लास' या जुन्या मॉडेलच्या घाटाची. तिचे सुटे भाग लुधियानात ढिगाने बनतात, बाजारात कुठेही मिळतात. पार्ट येत नाहीत म्हणे! आणि प्रत्येक ठिकाणी 'उद्या या'. तो उद्या कोणत्या महिन्यातला, ते काही लिहून मिळालं नाही.

तुमच्या दारावरची पाटी मात्र पहिल्याच दिवशी वाचली. 'दुपारी १ ते ३ बंद. मुलगी झोपते. बेल वाजवू नये, मेसेज टाकावा. ३ नंतर उत्तर मिळेल.' उत्तर ३ वाजून १० मिनिटांनी आलं.

पुढच्या खोलीत टेबल, त्यावर उलटी केलेली मशीन, टेबलाखाली रंगीत ठोकळे. आलेलं गिऱ्हाईक दादांकडे बघून 'मिस्त्री कोण?' विचारतं आणि दादा न चिडता ताईंकडे बोट दाखवतात. दिवसातून कितीदा दाखवावं लागत असेल, देव जाणे. दादा पावती लिहितात, मशीन पोचवतात, मुलीला सांभाळतात. स्क्रूड्रायव्हर ताईंच्या हातात.

ताई, तुम्ही मशीनला हात लावायच्या आधी दोन प्रश्न विचारलेत. बिघडायच्या आधी काय शिवत होतात? आणि सुई मोडली होती का? आधीच्या तिघांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. सगळा बिघाड त्या दोन प्रश्नांतच होता. सुई कडक वस्तूवर आदळली की धक्का सुईदांड्याला, म्हणजे सुई धरून वरखाली होणाऱ्या दांड्याला, बसतो. दांडा ज्या क्लॅम्पमध्ये धरलेला असतो त्याचा स्क्रू जरा सैल असेल, तर दांडा वर सरकतो. एखादा मिलीमीटर पुरतो. मग सुई खाली जाऊन परत निघते तेव्हा दोऱ्याचा फासा शटलच्या टोकाला वेळेवर सापडत नाही. कधी सापडतो, कधी निसटतो. म्हणून पाच टाके बरे आणि सहावा गायब. यात शटलचा दोष नाही, बॉबिन केसचाही नाही.

डावीकडचं झाकण काढून तुम्ही हातचाक फिरवत सुई तळाला नेलीत. दांड्यावर दोन बारीक रेघा असतात. सुई तळाशी असताना वरची रेघ बुशच्या (दांडा ज्या नळीतून सरकतो तिच्या) कडेला आली पाहिजे, आणि तिथून सुई साधारण २ ते २.५ मिलीमीटर वर उचलली की शटलचं टोक बरोबर सुईच्या मागे, नेढ्याच्या थोडं वर पोचलं पाहिजे. आमची वरची रेघ बुशच्या आत गडप झाली होती. क्लॅम्प सैल, दांडा खाली, स्क्रू घट्ट, सुई नवी. मग बॉबिन केस दोऱ्याला टांगून हलकासा झटका दिलात. केस बोट-दोन बोटं खाली उतरून थांबली तर ताण बरोबर, हलली नाही तर घट्ट, सर्रकन खाली आली तर ढिला. पाव फेरा, पुन्हा झटका, पुन्हा पाव फेरा. आवळणाऱ्याने तो स्क्रू किती फिरवला होता ते तेव्हा कळलं.

पावतीवर ३५० रुपये, आणि खाली एक ओळ, 'जुनं शटल चांगलं आहे. पिशवीत घालून दिलं आहे. टाकू नये.' काम करणाऱ्याला हे लिहायची काही गरज नसते. उलट न लिहिण्यातच फायदा.

मधे एक दिवस उशीर झाला, तोही सांगायला हवा. मशीन गुरुवारी द्यायची होती. बुधवारी संध्याकाळी सातला मेसेज आला, 'मुलीला ताप आहे. उद्या जमणार नाही. शुक्रवारी ११ वाजता नक्की. काम अडत असेल तर आमची एक मशीन आज रात्री पोचवतो.' गुरुवारी संध्याकाळी आम्ही फोन केल्यावर हे सांगितलं असतं, तर ती सबब झाली असती. बुधवारीच कळवलंत म्हणून ती सूचना झाली, आणि गुरुवारची कामं फिरवून घेता आली. घरात लहान मूल असलेल्यांच्या धंद्याला लोक सरसकट 'घरगुती' म्हणून नाक मुरडतात. मूल सगळ्यांचंच आजारी पडतं हो. प्रश्न एवढाच की गिऱ्हाइकाला ते आधी कळतं की नंतर. शुक्रवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना दादांची स्कूटर दारात होती.

आता तो तुकडा.

साधारण वीतभर पिवळी पॉपलीन, दुहेरी घडी घातलेली, त्यावर काळ्या दोऱ्याने चार ओळी. प्रत्येक ओळीच्या टोकाला बॉलपेनाने बारीक अक्षरात लिहिलेलं. पहिली: 'पॉपलीन २ थर, सुई १४, इंचाला १२ टाके.' दुसरी जाड घडीवर: 'पँटचं कापड ४ थर, सुई १६, इंचाला १० टाके. चेनपाशी हातचाकाने चालवा.' इथवर कोणीही चांगला कारागीर नमुना देईल. तिसरी ओळ मात्र वरून बघितली तर ठीक आणि तुकडा उलटला की खाली दोऱ्याचं जाळं. शेजारी लिहिलंय, 'ही मुद्दाम बिघडवली आहे. खाली जाळं दिसलं तर दोष वरच्या दोऱ्याचा. प्रेशर फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवा, म्हणजे तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसेल. बॉबिनच्या स्क्रूला हात लावू नका.' चौथीत वरचा दोरा सरळ रेघेसारखा ताणलेला आणि खालच्या दोऱ्याचे ठिपके वर आलेले: 'वरचं टेन्शन जास्त. आकडा एकाने कमी करा.'

ताई, चांगला टाका सगळेच दाखवतात, धंदा त्यावरच चालतो. वाईट टाका घालून दाखवण्यासाठी तुम्हाला नीट लावलेली मशीन पुन्हा बिघडवावी लागली, शिवून बघावं लागलं, मग परत जागेवर आणावी लागली. दहा मिनिटं तरी गेली असतील. आणि ती दहा मिनिटं अशासाठी, की पुढच्या वेळी आम्हाला तुमच्याकडे यावंच लागू नये! असा हिशेब घालणारा माणूस भेटला की आधीच्या तिघांचा राग जरा निवतो. जरा.

त्या तुकड्याचा उपयोग गल्लीत चालू आहे. शेजारच्या घरात खाली जाळं येत होतं आणि बॉबिन केस बदलायचं घाटत होतं. तिसरी ओळ दाखवली. प्रेशर फूट खाली असतानाच दोरा ओवला जात होता, त्यामुळे चकत्या मिटलेल्या आणि दोरा वरच्यावर तरंगत होता. फूट उचलून ओवला, जाळं गेलं. आणखी एकीची सुई उलटी बसवलेली निघाली. सुईची लांब खाच जिकडे असेल तिकडूनच दोरा ओवायचा असतो, हे तुम्ही दादांकरवी तोंडी सांगितलं होतंत, ते कामी आलं.

तेलाचंही पटलं. घरात शिलाईचं तेल संपलं की बाटलीतलं खोबरेल घालायची सवय आमच्याकडे बऱ्याच जणींना आहे. तुम्ही शटलच्या खोबणीतून टाचणीने काढलेली ती पिवळसर चिकट कड कागदावर ठेवून दाखवलीत. कापसाची धूळ आणि थिजलेलं खोबरेल. थंडीत सकाळी मशीन जड चालते आणि दुपारी मोकळी होते, ते खोबरेलच्या गोठण्यानं, मशीनच्या वयानं नाही. आता शिलाईचं पांढरं तेल आणलंय. छिद्रात एकेक थेंब, मग रद्दी कपड्यावर दोन मिनिटं दोऱ्याशिवाय चालवायची, म्हणजे गणवेशावर डाग पडत नाही. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधली धूळ दर आठवड्याला ब्रशने, फुंकर मारून नाही, कारण फुंकरीने ती आत जाते आणि तोंडाची वाफही.

तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या वर खिळ्याला टांगला आहे. उन्हाने शाई उडू नये म्हणून खिडकीपासून लांब.

गणवेश संपले की उरलेल्या दोन मशिनी तेलपाण्याला आणतो. एकीचा चामडी पट्टा घसरतोय, अर्धा इंच कापून क्लिप नव्याने घालावी लागेल असं वाटतं, पण ते तुम्हीच बघा. येण्याआधी मेसेज टाकू. ३ नंतर.

तुमचे,
गल्लीतले शिवणवाले