पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यासाठी, ताई, तुमचे जाहीर आभार

ताई,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात अभ्यासिकांना तोटा नाही. खुर्ची, पंखा, ट्यूबलाइट आणि शांतता बहुतेक ठिकाणी मिळते. तुमच्या अभ्यासिकेतली मुलं मात्र वर्गात लगेच ओळखू येतात, आणि त्याचं श्रेय दाराजवळच्या टेबलावरच्या पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याला आहे. प्रथम वर्ष कॉमर्सला शिकवणारे आम्ही सगळे त्यासाठी तुमचे मनापासून आभारी आहोत.

नियम तुम्ही अगदी साधा ठेवलात. निघण्याआधी पुस्तक मिटायचं, झेरॉक्सवाल्याकडून आणलेला वाया गेलेला कागद अर्धा फाडून घ्यायचा आणि आज वाचलेलं दहा मिनिटं आठवून लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. कागद तुम्ही तपासत नाही की जमा करत नाही, हे फार उत्तम. कुणी बघणार म्हटलं की मुलं हळूच पुस्तकात डोकावतात आणि सगळं मुसळ केरात जातं.

हे लागू का पडतं, तेही सांगायला हवं, कारण पालक विचारतात. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 60 टक्के मजकूर आठवला, नुसतं वाचणाऱ्यांना 40 टक्के. चौथ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं आणि 'झालं आपलं' म्हणून मुलं उठतात. पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं पानही असंच फसवतं. पेपरात उत्तर ओळखायचं नसतं, काढायचं असतं.

अकाउंट्सला याचा खरा कस लागतो. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटते. तेच गणित कोऱ्या कागदावर घेतलं की ॲडजस्टमेंटपाशी, म्हणजे दोन ठिकाणी दाखवाव्या लागणाऱ्या जादा नोंदींपाशी, गाडी अडते. आउटस्टँडिंग वेजेस, म्हणजे द्यायची राहिलेली मजुरी, ट्रेडिंग अकाउंटमध्ये (व्यापार खात्यात) वेजेसमध्ये मिळवले जातात, पण बॅलन्सशीटला (ताळेबंदात) लायबिलिटी, म्हणजे देणं, म्हणून दाखवायचे राहून जातात. क्लोजिंग स्टॉक, म्हणजे वर्षअखेरीस उरलेला माल, ट्रेडिंगच्या क्रेडिटला (जमा बाजूला) जातो आणि बॅलन्सशीटच्या ॲसेट्समध्ये (मालमत्तेत) दाखवायचा राहतो. मग टोटल जुळत नाही आणि मुलं अर्धा तास बेरजा तपासत बसतात. तुमच्याकडची काही मुलं कागदाच्या डाव्या कडेला ॲडजस्टमेंट लिहून तिच्यापुढे दोन चौकोन काढतात, एकेक परिणाम नोंदवला की चौकोनात टिक करतात. ही युक्ती आता आम्ही फळ्यावर उचलली आहे.

या कागदाचा पुढचा उपयोग आम्ही मुलांना असा सांगतो: लाल पेनाने लिहिलेलं तेवढंच चिठ्ठीवर उतरवायचं, एका चिठ्ठीवर एकच प्रश्न, मागे उत्तर. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने ती पुन्हा विचारायची. चुकली की पुन्हा पहिल्या दिवसापासून. सगळी टिपणं चिठ्ठ्यांवर उतरवणाऱ्यांचा ढीग पंधरवड्यात इतका वाढतो की ते नाद सोडतात. रोज सात-आठ नव्या चिठ्ठ्या पुरे. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने जाड पुस्तक उघडता येत नाही, पण ऐरोली ते तुर्भे दहा चिठ्ठ्या सहज होतात.

मोबाइल सायलेंटवर चालणार नाही, तो कपाटातच हवा, हा तुमचा हट्टही बरोबर आहे. टेबलावर उपडा ठेवलेला फोनसुद्धा मन खेचतो. आणि रात्री नऊला दिवे बंद करता त्याबद्दल मुलं कुरकुरतात, करू द्या. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते. रात्रभर जागून केलेलं दुसऱ्या दिवसाच्या पेपरापुरतं टिकलं तर टिकलं, पुढच्या सेमिस्टरला त्याचा पत्ता नसतो.

एक भर मात्र सुचवतो, राग मानू नका. वाचल्यावर लगेच आठवलं की ते सोपं जातं आणि उगाच खात्री वाटते. म्हणून मुलं आली की बॅग ठेवून आधी कालच्या विषयावर पाच मिनिटं लिहू देत, मग नवं पान. सुरुवातीला कागद जवळजवळ कोरा राहील आणि काही जण खट्टू होतील. त्यांना सांगा, अडखळत आठवणं हाच अभ्यास आहे. आणि तुमच्या रजिस्टरमध्ये 'किती तास बसला' हा रकाना आहे, त्याऐवजी 'काय सोडवलं' असा ठेवता आला तर बघा. तास मोजले की मुलं तास भरतात.

परीक्षेआधीचे दहा दिवस जुन्या पेपरांना द्यावेत, घड्याळ लावून. पेपर 60 मार्कांचा आणि वेळ दोन तास असेल तर मार्कामागे दोन मिनिटं; 15 मार्कांच्या गणिताला अर्धा तास झाला की पेन उचलून पुढच्या प्रश्नावर. मागच्या भिंतीवरचं घड्याळ त्यासाठी समोर आणता येईल का? खिळा आणि हातोडा आमचा शिपाई घेऊन येईल. सोबत कॉलेजच्या झेरॉक्स विभागातले पाठकोरे गठ्ठेही पाठवत आहोत.

आपले,
प्रथम वर्ष कॉमर्सला शिकवणारे आम्ही सगळे, ठाणे